सुईत काही निघालं नाही

आण्णा, तुझ्या मरणाचं कारण गावात ठरलं आहे. रक्षाविसर्जनाच्या दिवशीच ठरलं. मला कुणी विचारलं नाही. मी तुझी पाठची बहीण, दवाखान्याच्या प्रत्येक जिन्यावर तुझ्याबरोबर धापा टाकलेली. पण मरणाचं कारण ठरवायचा मान आपल्याकडं कट्ट्यावर बसणाऱ्यांचा असतो. "आण्णा सुईनं गेला," असं ठरलं. गाठ निवांत झोपलेली होती म्हणे. सुई टोचून ती उठवली, आणि उठली ती सगळं अंग फिरून आली.

तू असतास तर म्हणाला असतास, "बोलू दे की सुमे, तोंड हाय त्येंचं." आणि मी बोलू दिलंही असतं. पण बाळू ऐकत होता. आपला चुलतभाऊ बाळू, तुझ्या मागोमाग फाउंड्रीत लागलेला, तुझ्या शेजारी उभं राहून तीच वाळू नाकातोंडात घेतलेला. त्याच्या छातीत ठिपका आहे आण्णा. तू अंथरुणाला खिळलास तेव्हा भीतीपोटी त्यानं गुपचूप फोटो काढून घेतला, आणि तुझ्या डोक्याला आणखी ताप नको म्हणून तुला सांगितलं नाही. डॉक्टरांनी त्यालाही सुई सांगितली आहे. आणि तुझी रक्षा गोळा करता करता तो मला म्हणाला, "आक्का, म्या काय सुई लावून घेत न्हाय. आण्णाचं बघितलं की."

तेव्हापासून माझ्या डोळ्यातलं पाणी आटलं आहे. रडायला बसले की बाळूचा खोकला ऐकू येतो.

तुला ठाऊक आहे, घरात माझ्या सांगण्याला किती किंमत आहे ते. मी सांगायला लागले की तूच म्हणायचास, "बसा, सुमीची गाडी पेठ वडगावला जायाची तर पन्हाळ्यावरनं जाणार." खरं आहे. मी गोष्ट फुगवते. मांजराचा वाघ करते. पण ह्या गोष्टीत मला काहीच फुगवावं लागत नाही, तेवढंच वाईट वाटतं.

सुरुवात तर हसण्यावारीच झाली. तू गोठ्यात शेणावरून घसरलास. बरगडी मोडली का बघायला फोटो काढला, तर बरगडी ठणठणीत आणि फुप्फुसात, उजवीकडं खाली, एक डाग. मग मोठं मशीन. मग शब्द आला गाठ. शेंगदाण्याएवढी. "शेंगदाण्यासाठी एवढं काय," तू म्हणालास. "म्हशीला एवढा मोठा गोळा झालता, तरी दूध देत हुती."

सुई घालणाऱ्या डॉक्टरीणबाई आपल्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी मशीनवरचा फोटो दाखवला. काळ्या आभाळात एक पांढरा खडा. "काका, ही नुसती बघून कळत नाही. जुन्या टीबीची असेल, धुळीची असेल, कॅन्सरची असेल. तुकडा काढून बघायला पाहिजे. मशीनमध्ये बघत बघत सुई घालायची, तेवढ्या जागेवर भूल देऊन."

तू विचारलंस, "धोका हाय का?"

"आहे," त्या म्हणाल्या. सरळ म्हणाल्या, हे मला तेव्हा आवडलं नव्हतं. "फुप्फुसातली हवा बाहेर गळू शकते. थोडी असली तर आपोआप जिरते, जास्त असली तर नळी घालावी लागते. थुंकीतून रक्त येऊ शकतं. बहुतेकांना काही होत नाही. आणि काका, तुमची गाठ खालच्या बाजूला आहे. श्वासाबरोबर ती खालीवर होते. आम्ही सांगू तेव्हा प्रत्येक वेळी श्वास सारखाच घ्यायचा आणि धरायचा. सारखाच. जमेल?"

आण्णा, हा प्रश्न तुला विचारायचा नव्हता. गावच्या विहिरीत सूर मारून तळाची माती मुठीत घेऊन वर येणारा तू. "श्वास धरायचं मला काय शिकवताय," म्हणालास. आत नेऊन तुला पालथं घातलं, दार लावलं, आणि मी बाहेर काचेपाशी उभी राहिले. म्हणजे उभी होते तोवर होते. त्या मशीनवाल्याच्या पडद्यावर सुई दिसली, पांढरी, लांब, तुझ्या पाठीतून आत चाललेली, आणि मी तिथंच फरशीवर बसले. नर्सनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, हातातल्या फाइलनं वारा घातला. तू बाहेर आल्यावर पहिला प्रश्न केलास, "पेशंट कोण हाय नेमका?"

पण त्याआधीचं मी ऐकलं आहे. मशीनवाला माईकवरून सांगत होता, "काका, रोजच्यासारखा श्वास. मोठा नको." आणि तू प्रत्येक वेळी विहिरीत उतरल्यासारखा छाती भरून घेत होतास. एकदा मोठा, एकदा त्याहून मोठा. डॉक्टरीणबाई आत जाऊन तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "काका, शर्यत नाही ही." तरीही. तुला कमी श्वास घेणं म्हणजे हरणं वाटत होतं. सुई थांबायची, फोटो काढायचे, सुई पुढं जायची, आणि शेंगदाणा आपला खालीवर.

तुकडा मिळाला. छोट्या बाटलीत, दोऱ्याच्या तुकड्याएवढा. मग तुला वॉर्डात आणलं आणि थोड्या वेळानं तू बोलायचा थांबलास. आण्णा बोलायचा थांबतो हे आपल्या घराला नवीन होतं. हात छातीवर, डोळे मोठे. फोटो काढला तर हवा गळलेली. थोडीच होती. ऑक्सिजन लावला, पुन्हा फोटो, पुन्हा फोटो, आणि दुसऱ्या दिवशी ती जिरली. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं ते झालं आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणेच बरंही झालं. पण गावाला पोचेपर्यंत त्याचं "सुईनं फुप्फुस फुटलं" झालं. गोष्ट फुगवायची कला माझ्या एकटीची नाही, हे तेव्हा कळलं.

तू वॉर्डात असताना वैनी, तुझी कारभारीण, आणि आत्ती, आपल्या बापाची बहीण, दोघी गावात मरगाईच्या देवळात होत्या. आत्तीनं सांगितलं तसं वैनीनं ओटी पुढं धरली आणि नवस बोलली, "आई, सुईत काय वंगाळ निघू देऊ नको. तुला बकरं देईन, गाव जेवू घालीन."

आणि सुईत काही वंगाळ निघालं नाही.

रिपोर्ट मीच वाचला. सोप्यात सगळे जमलेले, आत्ती पाटावर, वैनी उंबऱ्यात. "ह्या नमुन्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत," एवढं मी वाचलं आणि घर उठलं. बाळूनं तुला मिठी मारली. आत्तीनं मोठ्यानं मरगाईच्या नावानं चांगभलं केलं. वैनी भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. त्या गोंधळात मी पुढचं वाचत होते, की ह्यात नुसती सूज आणि व्रणाचा भाग आहे, नमुना गाठीतलाच आहे याची खात्री नाही. ते कुणी ऐकलं नाही. तू ऐकलंस. मी वर पाहिलं तेव्हा तू माझ्याकडंच बघत होतास.

डॉक्टरीणबाईंना आपण दोघंच भेटलो. त्या म्हणाल्या, "काका, ह्या सुईत सापडलं तर शंभर हिश्शांनी आहे म्हणायचं. नाही सापडलं, तर नाही असं म्हणता येत नाही. सुई गाठीच्या कडेला लागली असावी. मला अजून भीती वाटते तिची. पुन्हा करूया, लवकर."

"बघू," तू म्हणालास.

आपल्याकडं 'बघू' म्हटलं की बघणं संपतं. पण खरं म्हणजे तोवर उशीर झाला होता. आपण कोल्हापुरात होतो तेवढ्यात आत्तीनं बकरं ठरवलं होतं. नवस फेडायला वेळ लावला तर देवी परत घेते, ही तिची भीती. आणि त्या भीतीपोटी, अजून काही नक्की कळायच्या आत, आपण देवीला पोच देऊन टाकली. कामाच्या आधीच पावती. असली घाई आपल्याच घराला सुचायची.

काय पंगत झाली आण्णा! गाव जेवलं. हातकणंगल्याचे पावणे जेवले. तू स्वतः रश्श्याची बादली घेऊन फिरत होतास, "घ्या की पावणं, लाजताय काय," करत, आणि प्रत्येक जण तुझ्या पाठीवर थाप मारत होता, नेमकी सुई गेली तिथंच. मी उभी राहून म्हणाले, "ऐका, डॉक्टर म्हणत्यात अजून एकदा..." तर मागून कुणीतरी ओरडलं, "सुमाक्काची गोष्ट लांबणार, आधी पांढरा रस्सा वाढा!" सगळे हसले. मीही हसले. आणि बसले, आणि जेवले, चांगली जेवले. मी असल्या प्रसंगी उपाशी राहणारी बाई नाही, हे माझ्याकडं बघून कुणालाही कळेल.

त्या पंगतीनंतर दुसऱ्या सुईचं नाव घेणं म्हणजे जेवलेल्या गावाच्या तोंडातला घास काढणं झालं. देवीला खोटं पाडणं झालं. वैनीच्या नवसाला खोटं पाडणं झालं.

तरी मी एकदा आले होते. आठवतं? तू धार काढत होतास. मी म्हशीपासून लांब, शेणात चप्पल जपत उभी. म्हणाले, "आण्णा, एकदा करून टाकूया. कुणाला सांगायचं न्हाय. माझ्याकडं ऱ्हायला आलायस म्हणून सांगू."

तू धार थांबवली नाहीस. नुसता चरवीतला आवाज. मग म्हणालास, "सुमे, त्या दिवशी हवा गेलती न्हवं, तवा मला वाटलं हे असं जाणार आपण. श्वास आत येत हुता आणि पुरत नव्हता. मला पुन्यांदा तिकडं निऊ नको."

"आन गाठ?"

"आन तिला काय सांगू?" तू घराकडं मान केलीस. आत वैनी भाकरी थापत होती. "ती आता कुठं नीट झोपाय लागलीय. परत सुईला गेलो तर तिला वाटंल, आपलाच नवस कमी पडला."

तुला मी आयुष्यात पहिल्यांदा भ्यालेला पाहिलं. आणि मला भांडायचं होतं, आण्णा, मला त्या गोठ्यात तुझ्याशी मोठ्यानं भांडायचं होतं, लहानपणी चिंचेवरून भांडायचो तसं. वैनीची झोप मोडली तर मोडू दे, असं म्हणायचं होतं. पण तू माझ्याकडं अशा नजरेनं बघत होतास, की मी म्हशीच्या दुधाची चौकशी केली. भांडण तिथंच राहिलं. आता ते संपवायला माणूस नाही.

पुढचं तुला मी काय सांगू. पावसाळा सरला तसा खोकला आला. मग थुंकीत लाल रेघ, जी तू पानाची म्हणून सांगायचास, पान न खाता. मग कंबर दुखायला लागली आणि सगळ्यांनी म्हशीला दोष दिला. तू वाळत चाललास आणि आम्ही सगळे तुला येताजाता बघत होतो, म्हणून कुणाला दिसलं नाही. छातीत पाणी झालं तेव्हा पुन्हा त्याच डॉक्टरीणबाईंसमोर आलो. त्यांनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी लावला. खडा राहिला नव्हता. सगळं आभाळच भरून आलं होतं.

ह्या वेळी सुईत सापडलं. पहिल्याच झटक्यात सापडलं. ह्या वेळी तू श्वास कसा घेतलास, मोठा घेतलास का लहान, कुणी विचारलंही नाही. मोठा घ्यायला तो उरला नव्हता.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी आत्ती तुझ्या उशाशी बसून मरगाईला बोल लावत होती. बकरं खाऊन फिरली म्हणत होती. तू डोळे मिटूनच हात वर केलास. "आत्ती, तिला काय बोलू नको. हिनं मागितलं, सुईत काय निघू देऊ नको. न्हायच निघालं की." थांबत थांबत, दम खात बोललास. "मागायचं चुकलं. गाठीचं कुणी मागितलंच न्हाय."

आत्तीला ते कळलं नाही. वैनी दारात होती. तिला कळलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो आणि अजून बघवत नाही. तू तिला दोष दिला नव्हतास, मला ठाऊक आहे. तुला देवीची बाजू घ्यायची होती, तुझी नेहमीची खोड, गैरहजर माणसाची बाजू घेणं. पण ते तिच्यापुढं बोलायला नको होतंस. हे एक भांडण मी नवीन काढते आहे. तू नसताना काढते आहे, म्हणजे तुझ्या नियमानं तुझी बाजू कुणीतरी घ्यायला हवी. घेतेच. तू दमला होतास.

तू गेल्यावर वैनीनं मला एकच गोष्ट मागितली. "वन्सं, मला त्या बाईंच्याकडं न्ह्या." मी नेलं. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची दिली. वैनी बसली नाही. उभ्यानंच विचारलं, "सुईनं पसरलं काय?"

त्या म्हणाल्या, "सुईच्या वाटेवर पेशी सांडल्याचं कधी कधी घडतं, पण फार क्वचित. काकांच्या पाठीत, सुई गेली त्या वाटेवर, काहीच नव्हतं. आजार कंबरेच्या हाडात गेला, यकृतात गेला. तिथं सुई कधी गेलीच नव्हती."

"आन तवाच दुसऱ्यांदा लावली असती तर?"

डॉक्टरीणबाईंनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, "कदाचित वेळेत कळलं असतं. कदाचित ऑपरेशन करता आलं असतं. नक्की सांगता येत नाही, काकू."

मला वाटलं वैनी कोसळेल. ती नुसती "बरं" म्हणाली. जिना उतरताना माझाच हात धरून मला उतरवत होती.

आता तुझ्या उत्तरकार्याच्या पंगतीचं सांगते. दारात मांडव, गाव बसलेलं, पत्रावळीवर वाढून झालेलं. बाळू चौथ्या-पाचव्या पानावर होता, खोकत होता. आत्तीनं त्याच्याकडं बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाळ्या, गाठ हाय तर असू दे. झोपल्याली हाय. सुईच्या नादाला लागू नको. आमच्या आण्णाला त्या सुईनं खाल्लं."

माना डोलल्या. कुणी म्हणालं, "खरं हाय." मी उठणार होते. खरंच उठणार होते आण्णा, पण गुडघे आणि धैर्य दोन्ही एकदम उचलायचं म्हणजे मला वेळ लागतो. तेवढ्यात वैनी वाढपातून पुढं आली. हातात भाताचं पातेलं. जी बाई गावासमोर पदर नीट करूनही बोलत नाही, ती.

"सुईनं न्हाय खाल्लं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सुईला गावली न्हाय गाठ. बाईंनी परत बोलावलं हुतं. आमी गेलो न्हाय. आमी तुमास्नी जेवाय घातलं."

पंगतीतले हात थांबले. आत्ती म्हणाली, "अगं सूनबाई, काय बोलतीयास..."

"आत्ती, तुमी गप बसा." आत्तीला कुणी असं म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. वैनी बाळूसमोर जाऊन उभी राहिली. "बाळासाब, तुमी सुईला जायाचं. सुईत काय निघालं तर इलाज करायचा. काय न्हाय निघालं आन बाई म्हणल्या परत या, तर परत जायाचं. त्या म्हणत न्हाईत 'आता बास', तंवर जायाचं. हवा गेली तरी जायाचं. आन तंवर तुमच्या घरात नवसाचं पान मांडलं, तर मी येऊन उधळीन."

बाळू वर बघत होता. तोंडात घास तसाच. मग तो म्हणाला, "वैनी, मला भ्या वाटतंय."

"वाटू दे," वैनी म्हणाली. "त्येंनाबी वाटत हुतं. त्येंनी मला सांगितलं न्हाय." आणि तिनं त्याच्या पानात भात वाढला, आणि पुढच्या पानाकडं गेली.

आण्णा, तुझ्यापाशी मला सांगायला हवं असलेलं एवढंच होतं. ही बाई एवढी मोठी आहे, हे तुला ठाऊक नव्हतं. तू तिची झोप जपत बसलास. तिला जागं राहणं जमलं असतं.

बाळूची तारीख ठरली आहे. मी बरोबर जाणार आहे, आणि वैनी पण. तिनं मला बजावलं आहे, चक्कर यायची असेल तर घरी येऊन घ्यावी. बाळू रोज संध्याकाळी माझ्याकडं फोन करतो आणि दुसरंच काहीतरी बोलतो, ऊस, लाईट, पोराची शाळा, आणि मधेच खोकतो. मी त्या खोकल्यात तुझा खोकला शोधत असते. कधी वेगळा वाटतो. कधी नाही वाटत.

काय निघेल, माहीत नाही. काही निघालं नाही, तर गावात परत चांगभलं होईल. पण आता आमच्या घरात कुणाला हायसं वाटणार नाही. "नाही" हा शब्द ऐकून निवांत झोपणं तुझ्याबरोबर गेलं. ते नेल्याबद्दल तुझ्यावर रागवावं की तुझे उपकार मानावे, हे मी ठरवलेलं नाही.